अडथळे की अंतर? साताऱ्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

प्रकल्पाला नाव अजून नाही, विषय मात्र पक्का झाला: अडथळ्यांची शर्यत जास्त अवघड की मॅरेथॉन? आमच्या मैदानावर सकाळी दोन तट असतात. एकीकडे पोलीस आणि सैन्यभरतीची पोरं, दुसरीकडे आम्ही चाळिशी ओलांडलेले धावणारे: मास्तर, बँकवाले, एक डॉक्टर, एक वकील. पोरं म्हणतात, "सर, एक पाय उचलून दुसरा टाकायचा, त्यात काय एवढं? भिंत चढून दाखवा." यावर बँकेतल्या ताईंचं उत्तर ठरलेलं असतं, "तू आधी पस्तीस किलोमीटरपर्यंत ये बाळा, मग बोलू."

गेल्या आठवड्याने दोन्ही तटांना दारूगोळा पुरवला. १ तारखेला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या शर्यतीचं, सुवर्ण घेतलं, ८:१९.५०. काल शिकागोत केल्विन किप्टमने मॅरेथॉन २:००:३५ मध्ये संपवली. इतक्या वेगात आजवर अधिकृत शर्यतीत कुणी धावलेलं नाही. आज सकाळी मैदानावर व्यायाम कमी आणि भांडण जास्त झालं.

ठरलं ते असं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका मित्राचा पडीक माळ आहे, तिथे अडथळे उभे करायचे. दोन्ही तटांनी एकमेकांचं काम करून बघायचं. मोजमाप डॉक्टरांकडे, वही माझ्याकडे. 'सगळं मनावर असतं' हे वाक्य वहीत येणार नाही, असं मी आजच जाहीर केलं आहे. ते खरं असेलही, पण त्याने मोजता काहीच येत नाही.

१२ ऑक्टोबर

अडथळ्याची किंमत मोजायला सोयीची जागा म्हणजे स्टीपलचेसच. तीन हजार मीटरमध्ये २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, एकूण ३५. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर. सपाट ३००० मीटरचा विश्वविक्रम डॅनियल कोमेनचा, १९९६ सालचा, ७:२०.६७. स्टीपलचेसचा विक्रम लामेचा गिरमाने याच जूनमध्ये पॅरिसला केला, ७:५२.११. फरक ३१.४४ सेकंदांचा. पस्तिसाने भागलं की एका अडथळ्यामागे जेमतेम नऊ दशांश सेकंद. माणसं वेगळी, सालं वेगळी, तेव्हा हिशोब ढोबळच. तरी एवढं दिसतं की उत्तम धावपटूला पायाने ओलांडायचा अडथळा फारसा महाग पडत नाही.

दुसरा पुरावा घरचाच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ सलग पहिली आली, मग स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. साबळेचं उलट्या बाजूने तेच. स्टीपलचेसवाला असून २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १:००:३० मध्ये धावून राष्ट्रीय विक्रम केला. दोघांची गाडी या रुळावरून त्या रुळावर सहज गेली, कारण दोन्हीकडे काम पायांचं आणि फुप्फुसांचं.

म्हणजे वाद खरा सुरू होतो तो पाय जमिनीवरून सुटून सगळं वजन हातावर येतं तिथे. आमच्या माळावर लटकायचे आणि उचलायचे अडथळेच जास्त हवेत.

१७ ऑक्टोबर

मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन चालू आहे. क्रिकेटच्या बातमीखाली आमच्या कामाची बातमी दबली: २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन ही पाच खेळांची स्पर्धा राहणार, आणि त्यात घोडेस्वारीऐवजी अडथळ्यांची शर्यत असणार. टोकियोत एका जर्मन खेळाडूचा घोडा अडून बसला, प्रशिक्षिकेने त्याला ठोसा मारला आणि जगभर आरडाओरडा झाला, त्याचा हा शेवट. ही ऑलिंपिकची शर्यत मात्र साठ-सत्तर मीटरचीच, अडथळे आठ. मॅरेथॉनशी तिची तुलना करणं म्हणजे शंभर मीटर अवघड की मॅरेथॉन असं विचारणं.

तेव्हा आधी 'अडथळ्यांची शर्यत' म्हणजे कोणती ते ठरवायला हवं. मॅरेथॉनचं बरं आहे, ४२.१९५ किलोमीटर. १९०८ ला लंडनमध्ये विंडसरचा राजवाडा ते स्टेडियममधली राजघराण्याची बैठक असं ते अंतर धावले आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. अडथळ्यांच्या शर्यतीला असं एक माप नाही. सैन्यात सराव पूर्वीपासून होता. हौशी लोकांसाठी इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टनजवळ १९८७ ला 'टफ गाय' सुरू झाली, २०१० ला अमेरिकेत 'टफ मडर' आणि 'स्पार्टन' एकाच वर्षी निघाल्या. स्पार्टनमध्येच चार आकार: ५ किलोमीटर आणि २० अडथळे, १० आणि २५, २१ आणि ३०, ५० आणि ६०. टफ मडरने तर लोंबत्या विजेच्या तारांतून पळायला लावलं. माझ्या मते ती अवघडपणात मोजू नये. शॉक बसण्यात कसलं कौशल्य?

त्याहून महत्त्वाचा आहे चुकल्यावरचा नियम. अडथळा जमला नाही तर काय? स्पार्टनमध्ये वर्षानुवर्षं ३० बर्पी (खाली आडवं होऊन, उठून उडी मारायचा व्यायाम) मारायच्या, की पुढे जाता येतं. अडथळ्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मनगटावर पट्टा असतो. हवे तेवढे प्रयत्न करा, पण सोडून दिलात तर पट्टा काढून घेतात. पळत शेवटपर्यंत जाता येतं, क्रमवारीत मात्र पट्टेवाल्यांच्या खाली. अडथळे तेच ठेवून नियम बदलला की शर्यत वेगळीच होते. आम्ही दोन्ही नियम लावून बघणार. पट्ट्याऐवजी लाल नाडा.

२९ ऑक्टोबर

बांधकाम संपत आलं. तपशील लिहून ठेवतो, पुढे कुणाला उभारायचं असेल तर.

भिंत सात फुटी, शटरिंगच्या जुन्या प्लायची, मागून बल्ल्यांचे तिरके टेकू. पोती वीस किलोंची. नदीची वाळू परवडत नाही म्हणून क्रश सँड, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात पोतं घालून दुहेरी. सरपटायच्या पट्ट्यावर काटेरी तार लावायला डॉक्टरांनी साफ नकार दिला, म्हणून सुतळी ताणली आणि तिला घुंगरू बांधले. पाठ लागली की वाजतात, भांडायला जागा उरत नाही.

खरा वेळ खाल्ला लटकायच्या शिडीने. फॅब्रिकेटरने विचारलं, पाइप एक इंची की दीड इंची? मी एक इंची म्हणणार होतो, तेवढ्यात तालमीतले वस्ताद म्हणाले, "दोन्ही लावा की. मग कळंल." जीआय पाइपच्या नावावर जाऊ नये. एक इंची म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्या वर, दीड इंचीचा ४८. पहिल्या पाइपवर माझी मूठ मिटते आणि अंगठा तर्जनीवर टेकतो. दुसऱ्यावर अंगठा आणि बोटांत फट राहते, पंजा आकड्यासारखा नुसता अडकतो. हातातल्या हातात एवढाच फरक, पण तेवढ्याने लटकण्याचा वेळ माझा निम्म्यावर आला. अर्धी शिडी बारीक पाइपची, अर्धी जाड.

दोर वस्तादांनीच दिला, मल्लखांबाचा, सुती. बाजारात मिळणारा काथ्याचा दोर मांड्या सोलून काढतो. उंची पंधरा फूट, वर घंटा, खाली भाताचा पेंढा आणि त्यावर गाद्या.

५ नोव्हेंबर

पहिली चाचणी, बर्पीच्या नियमाने. एक किलोमीटरचा फेरा, आठ अडथळे, तीन फेरे.

आम्ही धावणारे पहिल्या फेऱ्यात पोरांच्या बरोबरीने होतो. भिंतीवर एकमेकांना हात देऊन चढलो, पोती उचलली, सरपटलो. दोराशी आल्यावर चित्र पालटलं. वकीलसाहेबांनी उडी मारून दोर धरला, दोन हात वर सरकले आणि तिथेच थांबले. पाय खाली हवेत सायकल चालवत होते. उतरले, पुन्हा धरला, या खेपेला एकच हात सरकला. कपाळावर घामही नव्हता हो, दमलेले मुळीच नव्हते. फक्त वर जाता येईना. बर्पी मारून ते पुढे गेले आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा त्याच जागी येऊन उभे.

पोरं नुसत्या हातांच्या जोरावर गेली, पहिल्या फेऱ्यात सगळी, तिसऱ्यात निम्मीच. तेवढ्यात वस्तादांबरोबर आलेली मल्लखांबाची शाळकरी मुलगी बूट काढून दोराशी गेली. अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर पकडला, गुडघे पोटाशी घेतले, उभी राहिली; परत पकडला, परत उभी राहिली. हात नुसते तोल धरायला. घंटा वाजवून खाली आली तेव्हा श्वाससुद्धा वाढला नव्हता. पोरांपैकी एकाने तिला विचारलं, "ताई, परत एकदा दाखव की." बारा वर्षांच्या मुलीला 'ताई' म्हणताना त्याला काही वाटलं नाही, आणि हे मला आवडलं.

२० नोव्हेंबर

दिवाळीत चाचण्या बंद होत्या. चकल्यांचं वजन दोरावर कळतं, एवढीच शास्त्रीय नोंद.

डॉक्टरांनी नाडीच्या ठोक्यांचे आलेख काढून आणले आणि आल्या आल्या सांगितलं की यांच्यावर निकाल देऊ नका. ताईंचे ठोके शिडीवर लटकताना आणि यवतेश्वरचा घाट चढताना जवळपास सारखेच होते, म्हणून दोन्ही कामं सारखी अवघड असं कुणी म्हणेल, तर ते खोटं. हातांच्या कामात शरीर कमी प्राणवायू वापरत असतानाही ठोके चढतात. घट्ट मूठ धरून ठेवली की रक्तदाबही वाढतो. आकडा तोच, कारण वेगळं.

मुठीचं गणित त्यांनी छान उलगडून सांगितलं. धावताना पोटरी आवळते आणि सुटते, आवळते आणि सुटते; सुटल्याच्या क्षणी ताजं रक्त आत शिरतं. लटकताना बोटांचे स्नायू आवळलेलेच राहतात, आणि आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. रक्त येईना, कचरा जाईना. म्हणून कोपराखालचा हात दगड होतो आणि बोटं आपोआप उघडतात. हृदय कितीही दणकट असलं तरी त्याचा पुरवठा तिथवर पोहोचत नाही. वीस वर्षं धावून कमावलेला दम शिडीच्या चौथ्या पाइपावर का कामाला येत नाही, हे त्या दिवशी वकीलसाहेबांना पटलं. उपाय सरळ आहे, लटकून थांबायचं नाही. झोका घेऊन एकेक हात सोडत राहायचं, म्हणजे सुटलेल्या हाताला तेवढ्यापुरतं रक्त मिळतं.

वजनाचाही हिशोब आहे. माणूस मोठा होतो तसं वजन घनाच्या प्रमाणात वाढतं आणि स्नायूचं बळ त्याच्या छेदाच्या, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात. स्वतःला उचलायच्या कामात उंचपुरा गडी पहिल्यापासून मागे. पोत्याच्या कामात मात्र तोच पुढे. वीस किलोंचं पोतं पन्नास किलोंच्या माणसाला आणि नव्वद किलोंच्या माणसाला एकच नसतं. मॅरेथॉनमध्ये असा हिशोब चुकता करायची सोय नाही, तिथे जास्तीचा प्रत्येक किलो बेचाळीस किलोमीटर बरोबर येतो.

१० डिसेंबर

आज उलटी बाजू. पोरांना कासच्या रस्त्यावर तीस किलोमीटर नेलं.

पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की पूर्ण वीस गुण, त्यामुळे यांचं सगळं आयुष्य त्या पाच मिनिटांभोवती फिरतं. सांगूनही पहिले दहा किलोमीटर घाटात हरणासारखी गेली. ताई मागून आपल्या चालीने, कमरेला खजुराची पुडी. परतीला बाविसाव्याच्या आसपास पहिला पोरगा रस्त्याकडेला बसलेला दिसला. श्वास शांत, दुखापत नाही. "सर, पायच ऐकंनात." ताईंनी त्याला दोन खजूर दिले आणि पुढे गेल्या. त्या पहिल्या आल्या.

याचंही गणित साधं आहे. स्नायूंत आणि यकृतात मिळून साठवलेली साखर साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. धावायला किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे एक कॅलरी लागते. पासष्ट किलोंच्या पोराला ४२.१९५ किलोमीटरला २७००च्या वर. तूट चरबीतून भागते, पण चरबी सावकाश जळते; वेगात धावलं तर साखर जास्त आणि लवकर संपते. म्हणून मॅरेथॉनची 'भिंत' बहुतेकांना तीस-पस्तीसच्या दरम्यान लागते. घाटात उधळलेल्यांना ती आधीच लागली.

२२ जानेवारी २०२४

काल मुंबई मॅरेथॉन. आज अयोध्येमुळे सार्वजनिक सुट्टी, म्हणून लिहायला सवड. जिने उतरायची मात्र तयारी नाही.

ताई, मी आणि पोरांपैकी एक जण धावलो. पोरगा आधी पुण्यात अर्धमॅरेथॉन करून आलेला, तब्येतीने आमच्यात सगळ्यांत दणकट. पहाटे सीएसएमटीहून निघालो. मरीन ड्राइव्ह अंधारातच गेला, सी-लिंकवर वारा छान होता, माहीम-शिवाजी पार्कला लोक संत्र्याच्या फोडी घेऊन उभे. इथवर मॅरेथॉनमध्ये अवघड असं काहीच नसतं, आणि तेच तिचं कसब आहे. कुणी अडवत नाही. दर किलोमीटरला तुम्ही स्वतःच थोडं थोडं खर्च करता आणि बिल परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर येतं. तो चढ काही फार मोठा नाही. आमचा यवतेश्वर त्याला हसेल. पण तो तिसावा किलोमीटर उलटल्यावर येतो. तिथे माझ्या आजूबाजूला धावणाऱ्यांपेक्षा चालणारे जास्त होते. उन्ह चढलेलं, हवा दमट, टी-शर्टवर मिठाचे नकाशे.

पोरगा तिथेच चालायला लागला आणि शेवटपर्यंत चालला. पदक मिळालं. ही बाब महत्त्वाची आहे: मॅरेथॉनशी घासाघीस करता येते. वेग कमी करा, चाला, उसाचा रस प्या, पुन्हा पळा. कटऑफच्या आत आलात की झालं. दोराशी अशी घासाघीस नाही. घंटा एक तर वाजते, नाहीतर नाही.

ताईंनी आपली वेळ सुधारली. दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा फक्त थोडा सावकाश. माझी वेळ इथे लिहायचं कारण नाही.

१२ फेब्रुवारी

किप्टम गेला. काल रात्री केनियात मोटारीच्या अपघातात, प्रशिक्षकासह. वय चोवीस. विक्रमावर अधिकृत शिक्का बसून आठवडाही झाला नव्हता.

ऑक्टोबरातल्या त्या शर्यतीचे आकडे सकाळी पोरांना फळ्यावर लिहून दाखवले: पहिली अर्धी १:००:४८, दुसरी अर्धी ५९:४७. सगळे जिथे मोडतात तिथे तो वेगात गेला. आज कुणी वाद घातला नाही.

२५ फेब्रुवारी

पुण्याजवळ अडथळ्यांची शर्यत, पाच किलोमीटरची. गटातले बरेच जण गेलो.

आधी तक्रार. दोन मोठ्या अडथळ्यांपाशी रांगा, आणि घड्याळ चालूच. उशिराच्या तुकडीतल्यांना दोराशी इतकं थांबावं लागलं की हात पूर्ण ताजे झाले. अशा वेळेवरून अवघडपणा काढायचा तर आयोजकांच्या नियोजनाचाच निघेल. म्हणून आम्ही वेळ सोडून दिली आणि कोण कुठे अडलं तेवढंच टिपलं.

चिखल हा वेगळा अडथळा धरायला हवा, असं माझं मत झालं. आमच्या माळावरचे सगळे पाइप कोरडे होते. इथे चिखलाच्या खड्ड्यातून बाहेर पडलं की लगेच शिडी. पकड बसावी म्हणून हाताला लावतात ती मॅग्नेशियमची पूड चिखलावर काही करत नाही. ज्यांना माळावर जाड पाइप जमला होता तेही इथे बारीक पाइपवरून घसरले. अनुभवी लोक काय करतात ते बघितलं. खड्ड्यातून निघताना कोपर वर ठेवून तळवे कोरडे राखतात, आणि नाहीच जमलं तर टोपीच्या आतल्या बाजूला पुसतात. बर्फाच्या पाण्याच्या टाकीत किंकाळ्या सगळ्यांच्या सारख्याच.

मुंबईत चाललेला आमचा पोरगा इथे एकही अडथळा न चुकता आला. ताई दोर आणि शिडी दोन्हीकडे चुकल्या, शिक्षेच्या बर्पी मारल्या आणि हसत हसत आल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुंबईनंतर तीन दिवस जिना उलटा उतरत होते. याच्यानंतर पाय अगदी ठीक, पण कणीक मळता येईना." मॅरेथॉनमध्ये पाय हजारो वेळा जमिनीवर आपटतो आणि दर वेळी मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, त्याची सूज उतरायला दिवस लागतात. पाच किलोमीटरच्या अडथळ्यांत ते होत नाही. खरचटणं, निळंजांभळं होणं आणि तळव्याची सालटी निघणं जास्त. घोटा मुरगळण्याचा धोकाही इथे मोठा. भिंतीवरून उडी मारायची नाही, लोंबकळून मग सोडायचं, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतोय.

१० मार्च

ज्या चाचणीची मी वाट बघत होतो ती आज झाली. यवतेश्वर चढून-उतरून लांबची दौड, आणि पाणी पिऊन थेट माळावर. नियम नाड्याचा: अडथळा सोडला की नाडा गेला. एकवीस किलोमीटर आणि तीस अडथळ्यांच्या डोंगरी शर्यतीत शेवटी काय होत असेल, त्याची ही गावठी नक्कल.

नोव्हेंबरात पहिल्या फेऱ्यात हातांच्या जोरावर दोर चढणारी पोरं आज पुन्हा पुन्हा दोराखाली येऊन उभी राहत होती. एकाने चार-पाच हात वर जाऊन दोर सोडला आणि गादीवर पाठीवर पडला, तसाच पडून आभाळाकडे बघत राहिला. नाडे पटापट सुटले. शिल्लक राहिला तो एकच गडी, जो हिवाळाभर वस्तादांकडे जाऊन पायाची अढी शिकत होता. त्याचेही पाय थरथरत होते, पण दोर पायात नीट अडकला की उभं राहायला फार ताकद लागत नाही. नुसत्या बळावर केलेलं काम थकव्यात आधी गेलं, हातोटीचं काम टिकलं. वस्ताद एवढंच म्हणाले, "अढी बसली का माणूस झोपंतबी चढंल."

ताईंचं निरीक्षण वेगळं पडलं. त्यांना दोर ताज्या हातांनीही जमत नव्हता, आजही नाही. पण पोती, भिंत, सरपटणं यांत त्यांचा फेरा जानेवारीआधीच्या फेऱ्याइतकाच. दौडीचा त्यांच्यावर परिणामच दिसला नाही. पोरांचे फेरे वेडेवाकडे लांबले.

रात्री डॉक्टरांकडे सगळे बसलो. माझं मत मांडलं, ते इथेही लिहितो. नुसतं संपवायचं असेल आणि शिक्षा भोगून पुढे जायची मुभा असेल, तर पाच किलोमीटरची अडथळ्यांची शर्यत साधा तंदुरुस्त माणूस महिन्या-दोन महिन्यांच्या तयारीवर करतो. मॅरेथॉनला तेवढ्यात उभं राहू नये. ती बरीच अवघड. पण एकही अडथळा न चुकता संपवायची असेल, तर आमच्यासारख्या धावणाऱ्याला मॅरेथॉन सोपी वाटेल, आणि काहींना तर ही कधीच जमणार नाही. डोंगरातली एकवीस किलोमीटरची लांब शर्यत, चुका न करता, ही दोन्हींवर मात. तिथे साखर संपते आणि मूठही सुटते.

वकीलसाहेबांनी हरकत घेतली की ही तडजोड आहे. मी म्हटलं, तुमच्यापुरता निकाल एकतर्फी आहे. तुम्ही मॅरेथॉन चार वेळा केलीत आणि घंटा अजून एकदाही वाजवली नाहीत.

२४ मार्च

आज होळी. दुपारी आळीतली बारकी पोरं लाकडं मागायला माळावर आली, डोळा भिंतीच्या बल्ल्यांवर. दिल्या नाहीत, वर्गणी दिली.

अडथळे पावसाळ्यापर्यंत उभे राहतील. दोर मे अखेरीस उतरवून तालमीत ठेवायचा, ओला झाला की आतून कुजतो. प्लाय दुसऱ्या वर्षी टिकणार नाही. जाड पाइपची अर्धी शिडी काढून टाकावी अशी पोरांची मागणी होती; नामंजूर.

ऑगस्टमध्ये, सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आधी, १० मार्चची चाचणी पुन्हा घ्यायची. तोवर अदलाबदल: धावणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा वस्तादांकडे, अनवाणी, पोरांनी रविवारी ताईंबरोबर लांब दौडीला, आणि ताईंच्या पुढे जायचं नाही. शेवटच्या अटीवर बरीच कुरकुर झाली.

यादी तालमीच्या दारावर लावली आहे. मंगळवार-शुक्रवार दोराच्या खाली पहिलं नाव ताईंचं, त्याखाली वकीलसाहेबांचं. रविवारच्या रकान्यात संध्याकाळपर्यंत कुणीच नव्हतं.